होत नाही आणि होऊ देत नाही

बाई, उद्या सकाळी मी नदीपलीकडच्या एका गावात एका मुलीच्या वडिलांना भेटायला जाणार आहे, आणि त्यांच्याशी मला संभाव्यतेवर बोलायचं आहे. तुम्ही असतात तर आधी पोट धरून हसला असतात आणि मग म्हणाला असतात, जाय, पण फळा घेऊन जाऊ नको. फळा नेणार नाही. पण दुपारपासून मनात तयारी चालू आहे, आणि तयारी करताना सारखं तुमच्याशीच बोलणं होतंय, तेव्हा म्हटलं लिहूनच काढावं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या जागी आलेले सरसुद्धा निवृत्त झाले. आश्रमशाळा तीच आहे. दहावीला गणित आता मी शिकवते, आणि तुम्ही राहत होतात त्याच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहते. तुमच्या क्वार्टरचं छप्पर गेलं, तिथे हल्ली वसतिगृहाचं सरपण ठेवतात.

मुलगी यंदा दहावी झाली. गणितात शाळेत पहिली. चंद्रपूरच्या कॉलेजात अकरावी सायन्सला जागा मिळते आहे, राहायची सोय मी बघून ठेवली आहे, फक्त तिला तिथे नेऊन उभं करायचं आहे. वडील नको म्हणतात. हा माणूस वाईट असता तर काम सोपं होतं, दोन शब्द सुनावून आले असते. पण तो दारू पीत नाही, पोरीच्या लग्नाची त्याला घाई नाही, आणि ती लहान असताना भरल्या नाल्यातून तिला खांद्यावर बसवून शाळेत आणून सोडणारा हाच होता. त्याचं म्हणणं एवढंच आहे की शिकायला जो बाहेर गेला तो गावाचा राहिला नाही. आणि पोरगी त्याला गावाची हवी आहे. प्रवेशाची मुदत थोडी उरली आहे, जून चालू आहे, आणि इथला पावसाळा तुम्हाला माहीत आहे. एकदा नदी भरली की त्या गावाला हो किंवा नाही विचारायलासुद्धा कोणी जाऊ शकत नाही. म्हणजे काहीच न करता त्याचं नाही आपोआप खरं होऊन बसेल. ते मी होऊ देणार नाही.

मला खरा टोचतो आहे तो हिवाळ्यातला एक तास. संभाव्यतेचं प्रकरण चालू होतं. तुम्ही आम्हाला दिला होतात तोच गृहपाठ मी माझ्या वर्गाला दिला: अशा दोन घटना शोधून आणा ज्या दोन्ही मिळून कधीच घडत नाहीत. पोरांनी नेहमीचं आणलं. छापा आणि काटा, जन्म आणि मरण, एकाने तर जेवण आणि झोप आणलं, त्यावर वसतिगृहातल्या एका जेवता जेवता झोपणाऱ्या मुलाकडे सगळ्यांनी माना वळवल्या. मग ही उभी राहिली आणि म्हणाली, चंद्रपूरला जाऊन शिकणं, आणि आपल्या गावची राहणं. वर्गात कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांना ते बरोबर वाटलं होतं. मी म्हटलं, यावर नंतर बोलू, आणि फाशाच्या उदाहरणाकडे वळले. नंतर बोलणं झालंच नाही. आता ते तिच्या अंगणात जाऊन बोलायचं आहे.

या प्रकरणाचं नावच किती अंगावर येणारं होतं. परस्पर अपवर्जी घटना. तुम्ही ते फळ्यावर लिहिलंत तेव्हा आम्ही सगळ्या माडिया आदिवासी पोरी एकमेकींकडे बघत होतो. आधी मराठीच अर्धी कळायची, त्यात हे. तुम्ही खडू ठेवलात आणि म्हणालात की नाव लांब हाय, गोष्ट एवढीशी हाय. मग फासा काढलात. आलापल्लीच्या एका सुताराकडून तुम्ही तो सागाच्या तुकड्यातून करून घेतला होता, आणि तो इतका वाकडा होता की बहुतेक वेळा पाचच पडायचे. आम्ही तक्रार केली तर तुम्ही म्हणायच्या, लाकडानं पुस्तक वाचलं नाई, त्याले काय माहीत सगळ्यांची पाळी सारखी यावी म्हणून. पण वाकडा असला तरी एका फेकीत पाच आणि दोन दोन्ही पडत नाहीत, हे त्या फाशाने आम्हाला पक्कं शिकवलं. एक आलं की दुसरं गेलं. अशा घटनांच्या शक्यतांची सरळ बेरीज करता येते, मधे काही वजा करावं लागत नाही, हेही तेव्हाच कळलं.

पुढे मी जी चूक केली ती तुम्ही वर्षभर सगळ्यांना सांगत होतात. ज्यांच्या घरी मोह वेचतात त्यांनी हात वर करा म्हणालात, मी मोजले. ज्यांच्या घरी तेंदूपत्ता तोडतात त्यांनी हात वर करा, तेही मोजले. मग विचारलंत, मोह किंवा तेंदू यातलं काही तरी करणारे किती? मी दोन्ही आकडे ठोकून मिळवले आणि बेरीज वर्गातल्या एकूण मुलांपेक्षा जास्त आली. तुम्ही गंभीर चेहऱ्याने बाकांखाली वाकून वाकून बघू लागलात. काऊन वो, भुतं बसली का वर्गात, तुम्ही विचारलंत, आणि सगळा वर्ग लोळला. आमच्याकडे मोह वेचणारं घर तेंदूही तोडतंच, उन्हाळ्याचा निम्मा खर्च त्यावर चालतो. दोन्हीत असलेल्यांना मी दोनदा मोजलं होतं. जी दोन्हीत असतात ती एकदा वजा करायची, हे सूत्र मी त्यानंतर कधी पाठ केलं नाही, ते चिकटूनच बसलं.

आणि मग तो गृहपाठ. मला माझं उत्तर फार आवडलं होतं. आंब्याचा पंडुम व्हायच्या आधीचा दिवस, आणि आंबा खाणं. आमच्या गावांत पंडुम म्हणजे सण, आणि नव्या आंब्याचा सण पेरमाने, म्हणजे गावच्या पुजाऱ्याने, केल्याशिवाय आंबा कोणी तोंडात घालत नाही. झाडाखाली सडा पडला तरी नाही. याहून चांगलं उदाहरण कोणाकडे असणार, अशा तोऱ्यात मी उभी राहून सांगितलं. तुम्ही म्हणालात, चूक. दुसरं आण. बाई, मला इतका राग आला होता. मला वाटलं तुम्ही गोंडपिपरीकडच्या, तुम्हाला आमच्या देवाचं काय पडलंय, आमचं ते सगळं तुम्हाला खोटंच वाटणार. मी तुमच्याशी बोलणं सोडलं. वर्गात विचारलं तर उत्तर द्यायचे, पण तुमच्याकडे न बघता.

रविवारी तुम्ही मला क्वार्टरवर बोलावून घेतलंत. ते स्वयंपाकघर मला आत्ताही दिसतं आहे. तुम्ही खाली बसून अंबाडीची भाजी निवडता आहात, स्टोव्ह सारखा विझतो आहे, आणि दर वेळी तुम्ही त्याला एक शिवी हासडून पंप मारता आहात. माझ्यापुढे तुम्ही अर्धी जुडी टाकलीत. आपण दोघी देठ खुडत बसलो. मग तुम्ही विचारलंत, पंडुमच्या आधी आंबा खाणं होत नाई, का तुमी खात नाई? मी म्हटलं, एकच ते. तुम्ही हात थांबवलात. आवाज चढवला नाहीत, पण तुमचा तो चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

"एक नाई ते. आमच्या घरानं धम्म घेतला त्याच्या आधीची गोष्ट सांगतो तुले. माझ्या आजोबाले सारं गाव म्हणे, तुमच्या लोकायनं या विहिरीवर पाणी भरणं होत नाई. होत नाई, होत नाई, असं पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. दोर तोच, बादली तेच, पाणी तेच. का नाई होत? होत होतं. होऊ देत नव्हते. तू तुझा रिवाज पाळ, मी मोडाले नाई सांगत. पन होत नाई अन होऊ देत नाई, या दोन गोष्टीत घोळ केला ना, तर आयुष्यभर कोनीही येईन अन तुले सांगीन, तुझं हे होत नाई, अन तू मान हालवशीन."

बायका आपल्याबद्दल बोलताना सांगतो म्हणतात, ही तिकडची तुमची बोली मला तेव्हा फार गमतीची वाटायची. त्या दिवशी गंमत वाटली नाही. मला विहिरीची गोष्ट पूर्ण कळली असं नाही, जात म्हणजे काय हे आमच्या गावात कोणी शिकवलं नव्हतं. पण तुमच्या घरात कोणाला तरी कोणी तरी होत नाही म्हटलं होतं आणि तुम्ही ते अजून विसरला नव्हतात, एवढं कळलं. माझा राग तिथेच गेला. भाजी झाल्यावर तुम्ही मला जेवायला वाढलंत आणि जाताना वर्गात पुन्हा तोंड फिरवलं तर कान उपटीन असंही सांगितलंत.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला विचारलं, पंडुमच्या आधी आंबा खाल्लेलं कोणी तू पाहिलंय का? आई कांडत होती. तिने मुसळ थांबवलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. माझ्या वेळी तिला दिवस गेले होते तेव्हा तिने खाल्ला होता. एक कच्चा आंबा, झाडामागे बसून, मीठ न लावता, आणि कोय मातीत पुरून टाकली. काही झालं नाही ना, मी विचारलं. आई म्हणाली, काही कसं नाही, तू झालीस. परत आल्यावर मी तुम्हाला धावत जाऊन हे सांगितलं. तुमचा आनंद बघण्यासारखा होता. दोन घटना मिळून घडतच नाहीत असं म्हणणाऱ्याला सगळी झाडं, सगळी वर्षं आणि सगळी माणसं तपासावी लागतील, तुम्ही म्हणालात, आणि त्याले खोटं पाडाले एकच आंबा पुरते. एक भेटला का झालं. मग मला तंबी दिलीत की पेरमाला यातलं काही सांगायचं नाही, आणि आईला माझा नमस्कार सांग.

तुम्ही गेलात तेव्हा मी चंद्रपूरला कॉलेजात होते. नागपूरच्या दवाखान्यातून तुम्हाला गोंडपिपरीला आणलं आणि तिथेच तुम्ही संपलात, हे मला सगळं झाल्यावर एका वर्गमैत्रिणीकडून कळलं. मी त्या दिवशी तासाला बसले होते. सर काय शिकवत होते ते आठवत नाही, पण वहीत मी सगळं उतरवून घेतलं होतं, अक्षरही चांगलं होतं. रडू फार नंतर आलं, बी.एड. झाल्यावर, नेमणुकीच्या आदेशावर या शाळेचं नाव वाचलं तेव्हा. त्या दिवशी मात्र खूप रडले, कारण पेढा द्यायला पहिलं जिच्याकडे धावले असते त्या तुम्हीच नव्हतात.

चंद्रपूरच्या त्या वर्षांत मला तुमच्या मोह आणि तेंदूच्या गणिताची फार आठवण यायची. वसतिगृहातल्या मुली मला जंगलातली म्हणायच्या. आवाज मऊ असायचा, पण म्हणायच्या तेच. सुट्टीत गावात गेले की माझ्याच मामेबहिणी माझ्या चपलांकडे बघून म्हणायच्या, शहरवाली आली. वर्गात दोन्हीत असलेल्यांना दोनदा मोजायची चूक होते, बाई. बाहेर अशांना कोणी एकदाही मोजत नाही. मला याचा तेव्हाही राग यायचा आणि आताही येतो. मी इथे परत आले त्याचं निम्मं कारण तुम्ही आहात, आणि निम्मं कारण हा राग आहे. मला दाखवून द्यायचं होतं की दोन्हीत बसणारी एक तरी आहे.

तर उद्याची तयारी अशी. तो म्हणणार, आमच्या गावातून शिकायला गेले ते परत आले नाहीत. मी म्हणणार, तुम्ही पाहिले नाहीत म्हणजे होत नाही असं नाही. एक सापडला की तुमचं म्हणणं पडतं. तो म्हणणार, दाखवा एक. आणि मी म्हणणार, ही काय तुमच्यासमोर बसले आहे. माडियाची पोर, चंद्रपूरला शिकलेली, परत येऊन इथेच नोकरी करणारी. यावर त्याच्याकडे उत्तर नाही. मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं आहे.

आता हे पुढचं लिहिते आहे ते परत आल्यावर. हातपाय धुतले, चहा केला, आणि आधी हेच घेऊन बसले.

डोंग्यातून पलीकडे गेले. नदीला पाणी अजून कमी आहे, पण गढूळ झालंय, म्हणजे वर कुठे तरी पडतो आहे. तो अंगणात नांगर नीट करत बसला होता. पोरगी आतल्या खांबाला टेकून सुपात बियाणं पाखडत होती. मला बघून उठली, पाणी दिलं, काळा चहा दिला आणि परत सूप घेऊन बसली. बोलायला ती आली नाही, पण सुपाचा आवाज अधूनमधून थांबायचा त्यावरून ती ऐकते आहे हे कळत होतं. आम्ही अर्थात माडियात बोललो. तुम्हाला माडियातले जेवली का आणि इकडे ये एवढेच दोन शब्द यायचे, म्हणून त्याचं बोलणं तुमच्या बोलीत लिहिते. तो बोलतोही तसाच, शांतपणे, समोरच्याला पूर्ण बोलू देऊन.

सुरुवात माझ्या अंदाजाप्रमाणेच झाली. त्याने गेलेल्यांची नावं घेतली. एकजण नर्स होऊन नागपूरला, एकजण पोलिसात गडचिरोलीला, एकजण गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात. त्यातल्या दोघांची घरं गावात बंद आहेत. मी माझं म्हणणं मांडलं, चांगलं मांडलं, आणि शेवटी म्हटलं की दोन्ही करणारी एक तुमच्यासमोर बसली आहे. त्याने हत्यार बाजूला ठेवलं आणि मला पहिल्यांदा नीट बघितलं. मग एकेक विचारत गेला. तुमचं गाव कोणतं? मी सांगितलं. तिथं आता कोण आहे? भाऊ. पेरणी कोण करतं? भाऊ आणि वहिनी. आणि तुम्ही? मी म्हटलं, माझी शाळा असते. तो म्हणाला, शाळा तर सध्या बंद आहे. सुट्टीत तुम्ही कुठं राहता? खोटं बोलता आलं असतं, पण आलं नाही. नवरा आणि मुलगा चंद्रपूरला आहेत, मी म्हटलं. सुट्टीत तिकडे असते. दोन दिवसांपूर्वीच परत आले, तेही तुमच्यासाठी.

"तुमी आमच्या शाळेच्या आहा," तो म्हणाला. "लय चांगल्या आहा. पन तुमच्या गावच्या तुमी नाई राह्यल्या. जे तुमाले नाई जमलं ते माझ्या पोरीले जमन, हे म्या काऊन मानावं?"

त्यात टोमणा नव्हता, बाई. म्हणूनच लागलं. इतकी वर्षं मी ज्या एका उदाहरणाच्या जोरावर छाती पुढे काढून फिरत होते ते उदाहरण दोन्हीत नव्हतंच. याच भागात नोकरी करते, माडिया बोलते, तेवढ्यावर मी स्वतःला आत धरलं होतं. गावाची म्हणजे कोण, हे मी ठरवलं होतं, त्याने नाही. आणि तपासायला मी कोणाला दिलंच नव्हतं. तो परत नांगराकडे वळला होता. आतला सुपाचा आवाज पूर्ण थांबला होता.

मी उठले नाही. उठले असते तर पोरीचं शिक्षण तिथेच संपलं असतं. मी तुमचीच विद्यार्थिनी, तेव्हा तुम्ही केलं असतं ते केलं. त्याला म्हटलं, ठीक आहे, मी नाही. मग गावाचा कोण, ते तुम्ही सांगा. जो रोज रात्री गावात झोपतो तो? तो लगेच नाही म्हणाला. मिरची तोडायला ते महिना महिना तेलंगणात राहतात, तेव्हा काय ते गावाचे नसतात? मग जो शेत करतो तो? पण त्याच्या आंधळ्या काकाने कधी शेत केलं नाही आणि गावात त्याच्याइतका गावाचा दुसरा कोणी नाही. तो एकेक म्हणायचा आणि एकेक स्वतःच काढून टाकायचा. मला तुमचा वर्ग आठवत होता. शेवटी तो म्हणाला की पेरणीच्या आधी बियांचा पंडुम होतो तेव्हा घराघरातलं बी पेरमाच्या टोपलीत पडतं. ते बी टाकायला जो स्वतःच्या हाताने येतो तो गावाचा. कुठूनही येवो. ज्याचं बी दुसराच कोणी टाकतो तो गेला. नर्स झालेलीचं बी तिचा भाऊ टाकतो. पोलिसातल्याचं कोणी टाकतच नाही.

मग ही येईल, मी म्हटलं. दर वर्षी येईल, मी आणीन. तो म्हणाला, तुमी आधी जा. माझ्या गावचा पंडुम अजून व्हायचा आहे हे त्याला माझ्याआधी माहीत होतं, परवा आहे. तुम्ही जाऊन स्वतःच्या हातानं बी टाकून या, तो म्हणाला, म्हणजे शिकलेल्या पोरीला हे जमतं असं एकदा मला पटेल. मग मी स्वतः हिला घेऊन नदी ओलांडतो, नदी भरली असली तरी. त्याला एकच हवी होती. मी जिथून सुरुवात केली होती तिथेच तो येऊन उभा राहिला होता, फक्त ती एक आता मला व्हायचं होतं. त्याने विचारलं, जाता का? मी हो म्हटलं. पोरीने पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

परतीच्या वाटेवर एका टेकडीवर रेंज असते, तिथून नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, अचानक असं काय काढलंस? मी म्हटलं, अचानक नाही, बऱ्याच वर्षांचं राहिलंय. भावाला सांगायची सोय नाही, थेट त्याच्या दारात उभी राहीन. वहिनी काय म्हणेल माहीत नाही. बी कुठल्या हाताने टाकतात, आधी पेरमाच्या पाया पडतात की नंतर, हे मी विसरले आहे, आणि ते तिथे लहान पोरांकडून शिकून घ्यावं लागणार आहे. लाज वाटेल. वाटू दे. परतताना पावसात अडकले तर चालत येईन, पण मुदतीच्या आत त्या पोरीला चंद्रपूरच्या गाडीत बसवल्याशिवाय मी हे सोडणार नाही. आणि पुढच्या जूनला तिला घेऊन याच नदीवर परत येईन.

हे पत्र कुठे टाकणार, तुम्हाला पत्ता नाही. पाठवायचं असतं तर पुढचं लिहिलं नसतं. बाई, आमचं सगळं बोलणं माडियात झालं म्हटलं, पण ते शेवटचं हो मी मराठीत म्हणाले. हो, जाते, नक्की जाते. तेव्हा वाटलं, सवयीने तोंडातून गेलं. डोंग्यात बसल्यावर कळलं की सवय नव्हती. शाळेच्या ऑफिसात बसून आम्ही पालकांना रोज मराठीत हो म्हणतो, आणि त्यातलं काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. माडियात म्हटलं असतं तर पाळावं लागलं असतं, हे माझ्या जिभेला माझ्याआधी कळलं असणार. वडिलांना ते धड कळलं नाही. तेव्हा पोरीने सूप खाली ठेवलं, उठून अंगणात आली, आणि माझं वाक्य त्यांना माडियात सांगितलं. एक शब्द न गाळता, नक्कीसुद्धा.